काच हिरवी, खिसा रिकामा

मार्चमध्ये माळ्यावरून कुलर उतरला, वाळा बदलला आणि टाकीत पाणी भरलं की नागपूरच्या घराघरात शेवाळाचा सीझन सुरू होतो. मेपर्यंत टाकीच्या तळाशी बुळबुळीत हिरवा थर जमतो, कडेला क्षारांची पांढरी खपली धरते. कुलर आहे म्हणून कोणी फारसं मनावर घेत नाही. पण हाच प्रकार हॉलमधल्या फिश टँकमध्ये झाला की घर हलतं. पाहुणे येणार असतात, मासे दिसत नसतात, आणि आई म्हणत असते, ‘म्हणूनच नको म्हणत होते ते मासे!’

फ्लॅटवर किंवा घरी टँक ठेवणाऱ्या पोट्ट्यांची गोष्ट साधारण एकाच वळणाने जाते. दोन फुटांचा टँक येतो. चार गोल्डफिश, निळे-गुलाबी दगड, प्लॅस्टिकचं झाड. महिन्याभरात काचेवर तपकिरी भुकटी बसते, मग हिरवा थर येतो. मग दुकानातून एक बाटली येते, चार थेंब टाका म्हणून. ती संपते, थर परत येतो. मग ‘शेवाळ खाणारा’ सकर मासा येतो, बोटाएवढा, गोड. दोन वर्षांत तो हातभर होतो, टँकमध्ये वळता येईना होतो आणि एका संध्याकाळी बादलीत घालून फुटाळ्यावर नेला जातो. ‘सोडून दिला, बिचारा मोकळा झाला’ असं म्हणून सगळे चहा पिऊन परत येतात.

या गोष्टीत पैसे वाया जातात ते ठीक आहे. पण बाटलीतल्या औषधाने टँकमधली गोगलगाय मरते, उन्हाळ्यात चुकीच्या दिवशी केलेल्या उपायाने एका रात्रीत सगळे मासे जातात, आणि तो सोडलेला सकर ज्या तलावात गेला त्या तलावाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. म्हणून जरा मुळापासून.

शेवाळाला लागतं काय? उजेड, पाणी आणि खत. पाणी काढता येत नाही, टँक आहे तो. म्हणजे आपल्या हातात उरतात दोनच गोष्टी, उजेड आणि खत. बाजारातले बाकीचे सगळे उपाय या दोघांच्या भोवतीच फिरतात, किंवा या दोघांना टाळून पैसे काढतात.

आधी उजेड, कारण तो फुकटात कमी करता येतो. नागपूरचं ऊन म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्स असतो, भर दुपारच्या उन्हाचा लाखाच्या घरात जातो. पश्चिमेच्या खिडकीतून टँकवर तासभर तिरीप पडत असेल तर तुमच्या एलईडी लाइटचा हिशेबच संपला. टँक हलवा, नाहीतर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. आणि लाइट? मासे बघायला छान वाटतात म्हणून सकाळी लावलेला लाइट रात्री झोपताना बंद होतो, म्हणजे चौदा-पंधरा तास. माशांना एवढ्या उजेडाची गरज नाही, शेवाळाला मात्र ही पार्टी आहे. सहा ते आठ तास पुरतात. क्लास, कॉलेज, लायब्ररी यात आपण विसरणार हे नक्की, म्हणून प्लगला लावायचा टायमर घ्या. तुम्ही घरी असता ते तास त्यावर सेट करा, संध्याकाळी चार ते दहा वगैरे. लाइट लावण्याचा आनंद गेला असं वाटेल खरं, पण काच महिनाभरात फरक दाखवते.

आता खत. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कॅनडात ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात काही तलाव केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवले आहेत. त्यातल्या 226 नंबरच्या तलावाचा आकार डमरूसारखा आहे. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डमरूच्या कमरेत एक पडदा टाकून तलावाचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं. दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि सोबत फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग थोड्याच काळात हिरवागार झाला, पडद्यापलीकडचा तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पर्यावरणशास्त्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे, कारण त्या काळात साबणातल्या फॉस्फेटमुळे तलाव सडतात की नाही यावर जोरदार भांडण चालू होतं. एका फोटोने बरंच काम केलं.

तुमच्या टँकमध्ये फॉस्फरस कुठून येतो? डब्यातून. माशांच्या खाद्यात तो साधारण एक टक्का असतो आणि शेवाळाच्या सुक्या वजनातही जवळपास तेवढाच. म्हणजे ढोबळ हिशेबाने एक ग्रॅम जास्तीचं खाद्य म्हणजे एक ग्रॅम सुक्या शेवाळाची सोय. शेवाळ बहुतांशी पाणीच असतं, त्यामुळे ओल्या वजनात ते कितीतरी जास्त भरतं. घरातले सगळे येता-जाता ‘भूक लागली असेल रे त्यांना’ म्हणून चिमूट टाकतात. बाबा सकाळी, लहान बहीण दुपारी, आजी देवपूजा झाल्यावर. मासा काचेजवळ येऊन तोंड उघडतो, ते भुकेने नाही, माणूस आला की खाणं पडतं हे तो शिकलेला असतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आठवड्यात एक दिवस उपास घातला तरी मोठ्या माशांना काही होत नाही. घरच्यांना समजावणं हा या सगळ्यातला सगळ्यात कठीण भाग आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. डबा लपवणं हा चालतो.

खाल्लेलं आणि न खाल्लेलं, दोन्हीचं पुढे अमोनिया होतं. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नवीन टँकमध्ये ही जीवाणूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, नायट्रेट बरंच कमी त्रासदायक, पण ते झाडांचं आणि शेवाळाचं जेवण. ते बाहेर काढायचा साधा मार्ग म्हणजे पाणी बदलणं. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये 54 लिटरच्या आसपास पाणी मावतं, त्यातलं पाव म्हणजे तेरा-चौदा लिटर, म्हणजे आठवड्याला एक बादली. सगळं पाणी ओतून, दगड सर्फने धुऊन, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून ‘चकाचक’ करणं हे सगळ्यात वाईट. त्यात जीवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि सगळी गोष्ट पहिल्या दिवसापासून सुरू होते. स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात.

पण पाणी बदलण्यात आपल्याकडे एक गोम आहे. तुमच्या बादलीत येतं ते पाणी कोणतं? मनपाचं असेल तर ते मुख्यतः पेंचचं, क्लोरीन घातलेलं. एक दिवस उघड्या बादलीत ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, काम झालं. पण बऱ्याच अपार्टमेंटमध्ये वापराचं पाणी बोअरचं असतं. विदर्भातल्या अनेक भागांत, नागपूर जिल्ह्यातही, भूजलात नायट्रेट जास्त असल्याचं केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल सांगत आले आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. समजा टँकमध्ये नायट्रेट 40 आहे आणि तुम्ही पाव पाणी बदललं. नवीन पाण्यात नायट्रेट शून्य असेल तर टँकमध्ये ते 30 वर येईल. नवीन पाण्यातच 40 असेल तर? 40 चं 40. तुम्ही दर रविवारी बादल्या उचलताय आणि शेवाळ हसतंय. टेस्ट किटने आधी नळाचं पाणी तपासा, मग टँकचं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ओळख असेल तर सोन्याहून पिवळं.

उन्हाळ्यात याच्यात आणखी भर पडते. मे महिन्यातली आपली कोरडी हवा टँकमधलं पाणी भराभर ओढते. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. वरून पुन्हा बोअरचंच पाणी ओतलं की क्षार वाढतात, कुलरच्या कडेला जमते तीच खपली टँकच्या काचेवर येते. पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नाही. आधी काढा, मग भरा.

याच कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. टँकचं झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी थंड होतं. कुलरचंच तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत हा जुगाड फारसा चालत नाही, नागपुरात झकास चालतो. आणि उन्हाळ्यात थंडाव्याला फार महत्त्व आहे, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशाला लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, 35 अंशाला सातपेक्षाही किंचित कमी. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

सगळं हिरवं एकसारखं नसतं

नवीन टँकमध्ये पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत येणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. सिलिकाचं कवच असलेले एकपेशीय जीव. बोटाने पुसली जाते, बहुतेकदा आपोआप जाते. त्यावर पैसे घालवू नका.

काचेवरचा हिरवा थर सगळ्यांच्या ओळखीचा. जुनं, बंद झालेलं एटीएम कार्ड घ्या आणि खरवडा. काचेला चालतं, ॲक्रिलिकच्या टँकला नाही, चरे पडतात. खरवडलेलं पाण्यातच तरंगत ठेवलं तर ते सडून पुन्हा खत होणार, म्हणून खरवडणं आणि पाणी बदलणं एकाच दिवशी.

पानांच्या कडेला, फिल्टरच्या पाइपवर काळ्या दाढीसारखे झुपके दिसले तर ते खरं म्हणजे लाल शेवाळाच्या कुळातलं आहे. स्पिरिटमध्ये बुडवलं की लालसर होतं, घरच्या घरी होणारा मस्त प्रयोग. ते चिवट आहे. ते आलेली पानं कापून टाकणं हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

दगडांवर निळसर-हिरवी, साय ओढल्यासारखी चादर आणि मातकट, कुजका वास? ते शेवाळच नाही. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. त्यावर काही जण अँटिबायोटिकची गोळी टाकायला सांगतात. जीवाणू आहे म्हटल्यावर गोळी लागू पडते हे खरं, पण त्याबरोबर फिल्टरमधल्या कामाच्या जीवाणूंनाही धक्का बसू शकतो, आणि ते पाणी तुम्ही शेवटी गटारातच ओतणार. माणसांची औषधं निकामी होत चालली आहेत अशा काळात काच स्वच्छ दिसावी म्हणून अँटिबायोटिक वापरणं मला तरी पटत नाही. पाइपने ओढून काढा, तळाचा गाळ साफ करा, पाण्याचा प्रवाह वाढवा.

आणि मग तो प्रकार, ज्यात मासेच दिसत नाहीत. पाणी मटारच्या सूपसारखं. इथे काच खरवडून उपयोग नाही, शेवाळ पाण्यातच तरंगतं. पाणी बदललं तरी दोन दिवसांत परत. यावर उपाय अंधाराचा. टँकवर जाड चादर टाकायची, तीन दिवस लाइट नाही, खाणं नाही, डोकावणं नाही. चौथ्या दिवशी अर्धं पाणी बदलायचं. उपाय जुना आहे आणि चालतो.

पण थांबा. उजेडात शेवाळ प्राणवायू सोडतं, अंधारात ते स्वतःच प्राणवायू घेतं. मेल्यावर कुजताना जीवाणू आणखी घेतात. मे महिन्यात, खोलीत कुलर बंद, पाणी 34-35 अंशांवर, मुळातच प्राणवायू कमी, त्यावर तुम्ही चादर टाकून एअर पंपाचा खर्रखर्र आवाज नको म्हणून तोही बंद केला, तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतील. किंवा उलटे. शहरातल्या तलावांमध्ये मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या बऱ्याच घटनांमागे हेच गणित असतं, फक्त मोठ्या आकारात. चादर टाकायची तर एअर पंप तीनही दिवस, चोवीस तास चालू. पाणी फार तापलेलं असेल तर हा उपाय पहिला पाऊस पडेपर्यंत पुढे ढकला.

बाटल्यांबद्दल थोडक्यात. शेवाळनाशकांमध्ये बरेचदा तांबं असतं. त्याने शेवाळ मरतं आणि कोळंबी, गोगलगायीही मरतात. ‘लिक्विड कार्बन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटारल्डिहाइड असतं, हॉस्पिटलमध्ये उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. लेबल वाचल्याशिवाय काही ओतू नका. आणि बाटलीने शेवाळ मेलं तरी खत पाण्यातच राहतं, हे दुकानदार सांगत नाही.

खत बाहेर काढायचा माझा आवडता उपाय घरातच लटकलेला असतो. मनी प्लांट. एक फांदी घ्या, मुळं टँकच्या पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी अडकवा. मुळं पाण्यातलं नायट्रेट खातात, पानं बाहेरच्या हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, वाढ जोरात होते. गोल्डफिश मुळं कुरतडतात, त्यांच्यापासून जपा. हा जुगाड वाटत असेल तर वर्धा रोडवरच्या ‘नीरी’कडे बघा. 1958 पासून आपल्या शहरात असलेल्या या संस्थेने ‘फायटोरिड’ नावाचं तंत्रज्ञान विकसित केलंय, त्यात सांडपाणी दगड-गोट्यांच्या थरात लावलेल्या वनस्पतींच्या मुळांमधून जातं आणि स्वच्छ होत जातं. तुमचा मनी प्लांट त्याचाच गरीब चुलतभाऊ.

उलट अंबाझरीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा बघितला असेल, तर तिथे काय चाललंय हेही आता कळेल. ती झाडं कशावर वाढतात? तलावात येणाऱ्या सांडपाण्यातल्या खतावर. मशीन लावून काढली तरी खत येतंच राहिलं तर ती परत येणार. एटीएम कार्ड आणि पोकलेन, फरक एवढाच.

गंमत म्हणजे, ज्याला आपण शिव्या घालतो ते हिरवं पाणी कोणीतरी मुद्दाम करतं. कटला-रोहूचं तळं तयार करताना त्यात शेणखत आणि सुपरफॉस्फेट घालतात, पाणी हिरवट व्हावं म्हणूनच. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यावर मासे. किती हिरवं पुरे, याची एक साधी परीक्षा आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, कोपरापर्यंत जाण्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर खत जास्त झालं. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांच्या भागात वाढलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फुटाळ्याजवळ तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे तर हा अभ्यासाचाच विषय.

आता त्या सकरकडे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर हाडांचं कवच, काटेरी पर. लहानपणी शेवाळ खरवडतो हे खरं. मोठा होतो तसा त्याला तुमच्या तरंगत्या गोळ्या जास्त आवडायला लागतात, आणि हातभर मासा हातभर माशाएवढी घाण करतो. म्हणजे शेवाळ खायला आणलेला प्राणी शेवाळाला खत पुरवायला लागतो. तलावात सोडला तर तो मरत नाही, हीच अडचण. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो वर येऊन हवा गिळून जगतो, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, आणि ते कवच असताना त्याला खायची हिंमत फारशी कोणी करत नाही. उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडायला लागून बरीच वर्षं झाली. त्याला बाजारात भाव नाही, आणि काट्यांनी जाळं फाटतं ते वेगळंच. ज्या माणसाचं घर त्या जाळ्यावर चालतं त्याला कोणाच्या तरी हॉलमधला शोभेचा मासा असा भेटतो.

हातभर झालेला सकर तुमच्याकडे असेल तर आधी दुकानदाराला विचारा, काही जण परत घेतात. नाहीतर मोठा टँक असलेला कोणी शोधा. फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा, यातलं काहीही नाही. गप्पी माशांचंही तेच. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग पाण्याच्या साठ्यांत गप्पी सोडतो, पण कुठे सोडायचे ते त्यांना ठरवू द्या.

आणि शेवाळ खाणारं कोणीतरी हवंच असेल, तर नेराइट गोगलगाय घ्या. काचेवरचा हिरवा थर ती सकरपेक्षा मन लावून खाते आणि सुपारीपेक्षा फार मोठी होत नाही. तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागतं, त्यामुळे टँकमध्ये शेकड्यांनी वाढण्याचा प्रश्न नाही. झाकण मात्र नीट लावा, रात्री चढून बाहेर येते. अंडी घालायची हौस तिला तरीही असतेच. पांढरी, तिळासारखी, काचेवर घट्ट चिकटलेली, निघता न निघणारी. त्यासाठी ते एटीएम कार्ड जपून ठेवा.